निःसंगाचा अधिकार आणि अहिंसेची मर्यादा
(महामारीच्या निमित्ताने आचारधर्माचा विचार)



विषयप्रवेश

जीव एकटा येतो आणि आपल्या कर्माचा भोग एकटाच भोगतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. जीवही असंख्य असून परस्परांहून भिन्न आहेत. एकाचे कर्म दुसऱ्याच्या पदरी पडत नाही. पित्याने केलेला दोष पुत्राच्या अनुतापाने धुतला जात नाही आणि गुरूच्या वैराग्याने शिष्य विरक्त होत नाही. बंध ज्याचा त्याचा, तसे सुटणेही ज्याचे त्याचे. म्हणूनच सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्या साधकास देश, गाव आणि गोत यांच्या आसक्तीतून बाहेर पडावयास सांगितले. अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि अखंड स्मरण असा नित्यविधी लावून दिला. जेथे कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी त्याने राहावे, मिळेल ते भिक्षान्न सेवावे व परमेश्वरावाचून कोणाचाही आधार मनात धरू नये, ही निःसंगता पंथाच्या आचाराचा कणा होय.

परंतु याच निःसंगतेतून एक भ्रम उपजू शकतो. ‘जर मी एकटा, माझे कर्म माझे, माझा देह माझा, तर मी कसे वागावे हे समाजाने मला का सांगावे?’ हा तो भ्रम. सामान्य काळात तो मनाच्या कोपऱ्यात दडून असतो. त्याची परीक्षा होत नाही. महामारीने मात्र त्यास उघड्यावर आणले.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना रोगास महामारी म्हणून घोषित केले. २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील देवस्थाने मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्यास उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेस उघडली. ज्या अमरावती जिल्ह्यात श्रीगोविंदप्रभूंचे ऋद्धिपूर आहे, त्याच जिल्ह्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा जोर प्रथम दिसू लागला. स्थानवंदन थांबले, भिक्षेच्या फेऱ्या थांबल्या, उपहाराच्या पंगती थांबल्या. ५ मे २०२३ रोजी जागतिक संघटनेने त्या आणीबाणीची समाप्ती घोषित केली. संकट ओसरले, पण त्या काळात निर्माण झालेल्या शंका ओसरल्या नाहीत. त्यांचे निरसन न झाल्यास पुढील संकटाच्या वेळी साधक आणि वासनिक दोघेही पुन्हा त्याच संभ्रमात सापडतील. यासाठी त्या शंका एकेक घेऊन पाहू.

प्रथम शंका : देह नश्वर आहे, मग त्याची एवढी जपणूक का?

पूर्वपक्ष असा : विरक्तास मरणाचे भय नसावे. तोंडास वस्त्र बांधणे, माणसांपासून अंतर राखणे, लस टोचून घेणे हे सारे देहासक्तीचे प्रकार होत. ज्याने देहाचा मोह सोडला त्याने हे का करावे?

याचे समाधान असे. विरक्ताने आपल्या देहाविषयी उदासीन असावे, हे यथार्थ आहे. पण दुसऱ्याच्या देहाविषयी उदासीन होण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? या रोगाची रीत आता सर्वांस ठाऊक आहे. तो श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे पसरतो, आणि लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीही बाधित मनुष्य दुसऱ्यास बाधा देऊ शकतो. म्हणजे ‘मी ठणठणीत आहे’ ही प्रतीती येथे प्रमाण धरता येत नाही. तरुण साधकास जो रोग दोन दिवसांच्या तापावर सुटतो, तोच त्याच्या शेजारी बसलेल्या वृद्ध तपस्विनीचा प्राण घेऊ शकतो. तरुणाने आपल्या निर्भयतेचे मोल स्वतः दिले नाही. ते तिच्याकडून वसूल केले. याला वैराग्य कसे म्हणावे? वैराग्य म्हणजे आपल्या वाट्याचे सोडणे. दुसऱ्याच्या वाट्याचे उधळणे हा वैराग्याचा वेष घेतलेला प्रमाद होय.

इतिहासातील एक उदाहरण येथे मननीय आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकिन यांनी त्यावरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली. इतरांचा विचार त्यानंतर. धोका पत्करावयाचा असेल तर आधी आपला देह पुढे करावा आणि दुसऱ्याचा मागे ठेवावा, ही त्यातील नीती आहे. ‘मला भय नाही’ असे म्हणून गर्दीत शिरणारा नेमके याच्या उलट करतो. तो आपल्यापाशी असलेला धोका सर्वांच्या पानात वाढतो आणि निर्भयतेचे श्रेय मात्र एकटा घेतो.

द्वितीय शंका : ज्याचे मरण ठरलेले आहे त्यास कोण वाचविणार?

पूर्वपक्ष असा : प्रत्येक जीव आपापल्या कर्मानुसार भोग भोगतो. ज्यास रोग व्हावयाचा त्यास तो होणारच. मग एकाच्या वागण्याने दुसऱ्यास बाधा झाली, असे म्हणणे हे कर्मसिद्धान्ताच्या विरुद्ध नव्हे काय?

ही शंका वरकरणी शास्त्रीय दिसते, म्हणून अधिक घातक आहे. तिचे समाधान लीळाचरित्रातील सशाच्या प्रसंगात सापडते. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला एक ससा सर्वज्ञांच्या आश्रयास शिरला. पारधी मागोमाग आले आणि आपली शिकार मागू लागले. सर्वज्ञांनी ससा दिला नाही. आश्रयास आलेल्या जीवाचे रक्षण केले, इतकेच नव्हे तर त्या पारध्यांना हिंसेचा दोष समजावून त्या कर्मापासून परावृत्त केले.

आता येथे विचार करावा. पारध्यांना असे म्हणता आले असते की, सशाचे कर्मच त्याला आमच्या कुत्र्यांपुढे घेऊन आले. त्याचा भोग त्याला भोगू द्यावा. वरील पूर्वपक्ष जर खरा मानला, तर पारध्यांचे हे बोलणेही खरे मानावे लागेल, आणि मग हिंसा नावाचा दोषच जगात उरणार नाही. मारणारा प्रत्येक जण मरणाऱ्याच्या कर्माकडे बोट दाखवून मोकळा होईल. सर्वज्ञांनी तो मार्ग बंद केला. दुसऱ्या जीवाचे संचित काय आहे हे परमेश्वर जाणतो. जीवाला ते जाणण्याचे साधन नाही. जीवाच्या हाती फक्त त्याची आजची क्रिया असते. तेव्हा दुसऱ्याच्या भोगाचा हिशेब मांडणे हे जीवाचे काम नव्हे. आपल्या क्रियेतील हिंसा ओळखणे हे त्याचे काम आहे. कर्मसिद्धान्त हा स्वतःस जागे ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखासमोर झोपी जाण्यासाठी नव्हे.

हिंसा म्हणजे केवळ शस्त्राने मारणे असे मानणाऱ्याने पाणी गाळून पिण्याच्या नियमाचा विचार करावा. डोळ्यांस न दिसणारा जीव आपल्या हातून मरू नये म्हणून जो वस्त्रातून पाणी गाळतो, त्याने शेजारचा दिसणारा मनुष्य आपल्या श्वासाने पीडित होऊ नये म्हणून तेच वस्त्र तोंडास लावावयास संकोच का करावा?

तृतीय शंका : अंतर राखणे म्हणजे विटाळ पाळणे नव्हे काय?

ही शंका पंथाच्या अभिमानातून येते आणि म्हणून ती आदराने घेतली पाहिजे. सर्वज्ञांनी विटाळाच्या कल्पनेस थारा दिला नाही. स्त्रियांच्या मासिक धर्माविषयी भक्त स्त्रियांच्या मनात शंका आली तेव्हा, देहाच्या इतर मलांसारखाच तोही एक देहधर्म आहे, असे सांगून त्यांनी त्यांचा संकोच फेडला. भिक्षा सर्व वर्णांच्या घरी घ्यावी असा दंडक घातला. अशा पंथाने माणसांना दूर उभे करावे काय?

समाधान असे. विटाळ आणि विलगीकरण बाहेरून सारखे दिसले तरी आतून एकमेकांचे वैरी आहेत. विटाळ हा जातीवर, जन्मावर वा लिंगावर लादलेला असतो. विलगीकरण रोगापुरते आणि त्याच्या मुदतीपुरते असते. विटाळात ‘तुझ्यामुळे मी बाटेन’ असा भाव असतो. विलगीकरणात ‘माझ्यामुळे तुला बाधा न होवो’ असा भाव असावयास हवा. विटाळ मानणारा समोरच्यास दूर सारून त्यास विसरतो. विलगीकरण पाळणारा स्वतः दूर होतो, आणि दूर असलेल्याच्या अन्नपाण्याची अधिक आठवण ठेवतो. अंतर एकच, पण भाव उलटला की धर्माचा अधर्म होतो.

दुर्दैवाने २०२० मध्ये अनेक ठिकाणी हा भाव उलटलेला दिसला. रुग्णांची सेवा करून परतलेल्या परिचारिकांना व वैद्यांना त्यांच्याच वसाहतींत प्रवेश नाकारला गेला. आरोग्यसेवकांवर हल्ले झाले. ते थांबविण्यासाठी २२ एप्रिल २०२० रोजी १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करावी लागली. काही मृतांना आप्तांचा खांदाही लाभला नाही. नगरपालिकांच्या सफाई कामगारांनी व परक्या स्वयंसेवकांनी त्यांना अखेरचा निरोप दिला. ज्यांना समाजाने शतकानुशतके विटाळाच्या नावाखाली दूर ठेवले, त्यांतीलच अनेक हात त्या दिवसांत पुढे आले. अंतर राखा असे शास्त्र सांगत होते. लोकांनी माणूसच टाकून दिला. या दोन गोष्टींतील भेद दाखविणे हे सर्वज्ञांच्या अनुयायांचे विशेष कर्तव्य होय. पंथाचा ‘दंडवत प्रणाम’ दुरूनही तितकाच पोचतो. त्यासाठी स्पर्श लागत नाही, आदर लागतो.

चतुर्थ शंका : नित्यविधीचा लोप झाला, त्याचे काय?

अनुसरलेल्या साधकास ही शंका सर्वांत अधिक जाचते, आणि जाचलीच पाहिजे. भिक्षा व अटन ही ऐच्छिक कर्मे नव्हेत. ती थांबली तर आचार खंडित झाला असे मनास वाटते.

येथे प्रथम हे पाहावे की, भिक्षेचे प्रयोजन काय? अभिमान गळावा, संग्रह न घडावा आणि एकाच घरावर भार न पडावा, यासाठी ती आहे. पाच-दहा दारांत उभा राहणारा भिक्षू सामान्य काळात प्रत्येक घरातून एकेक घास उचलतो. महामारीत मात्र तोच भिक्षू एका दारातील रोग दुसऱ्या दारी नेणारा वाहक होऊ शकतो. ज्या विधीचा हेतू कोणास भार न होणे हा, तोच विधी घरोघरी मरणाचा भार वाहू लागला, तर विधीचे शरीर राहिले आणि प्राण गेला. अशा वेळी थांबणे हा विधीचा लोप नव्हे. ते विधीच्या हेतूचे पालन आहे.

दुसरे असे की, साधकाचे वर्तन एकट्याचे राहत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी लोकसंग्रहाचे निरूपण केले आहे. श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर वागतात. स्वतः भगवंतांना मिळवावयाचे काहीही नसताना ते कर्म करतात, कारण त्यांनी सोडले तर लोक त्यांचे अनुकरण करून बिघडतील. ज्याला कर्माची गरजच नाही तो परमेश्वर लोकांसाठी कर्म करतो. तर ज्याला नियमाची गरज वाटत नाही अशा साधकाने लोकांसाठी एक नियम पाळावयास काय हरकत? महंतांनी गर्दी जमविली तर वासनिक ती शंभर ठिकाणी जमवितील.

परंतु याच ठिकाणी एक सावधानतेचा इशारा देणे अवश्य आहे. आपद्धर्म हा आपत्तीपुरताच असतो. टाळेबंदीत धान्य भरून ठेवावे लागले, एकाच ठिकाणी राहावे लागले, भिक्षेऐवजी मठातील शिजवलेले अन्न घ्यावे लागले. ते क्षम्य होय. संकट सरल्यानंतरही तो साठा, ती स्थिरता आणि ती सोय सुटत नसेल, तर तिला आपद्धर्म म्हणता येत नाही. ती सुखलोलुपता होय. विधी थांबविताना मनास खंती वाटली की हायसे वाटले, एवढा एकच प्रश्न प्रत्येक साधकाने स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर दुसऱ्या कोणास देण्याची गरज नाही.

दृष्टांत

धुळे व नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धती चालत आली. आता ती पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली असली तरी तिची रीत विचार करण्यासारखी आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणतात. पाण्याखालील सर्व जमीन सामान्यतः चार फडांत वाटलेली असते. जमीन ज्याची त्याची. बांध वेगळे, मालकी वेगळी, पीक घरी नेणाराही वेगळा. पण कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यावयाचे हे गाव मिळून ठरविते आणि पाणी पाटकरी सोडतो. मालकाने आपल्या हाताने पाट फोडावयाचा नसतो. भोवती सर्वांनी कोरडे पीक घेतले असता एखाद्याने मध्येच ऊस लावला, तर त्याच्या पाण्याने शेजाऱ्याचे पीक कुजते.

या पद्धतीतील खरे शहाणपण पुढेच आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा चारही फडांत असतो. पाऊस कमी झाला आणि एक फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकाच्या माथी बसत नाही. सर्वांचे थोडे थोडे जाते आणि कोणीही उपाशी राहत नाही.

दार्ष्टांतिक

देह हा ज्याच्या त्याच्या मालकीचा तुकडा; श्वास हा सर्वांचा पाट. देहात काय पेरावे, स्मरण की विषय, हे जीवाने एकट्याने ठरवावे. तेथे समाजाने हात घालू नये. पण जे सर्वांच्या पाटातून वाहते ते एकट्याच्या इच्छेने वळविता येत नाही. निःसंग साधकही त्या पाटाबाहेर नाही. जोवर तो श्वास घेतो तोवर त्याचा हा एक संग सुटलेला नाही.

आणि दृष्टांताचा उत्तरार्ध समाजास लागू आहे. टाळेबंदीचा नियम सर्वांस सारखा होता. तिचा तोटा सारखा नव्हता. ज्याच्या घरी धान्य होते त्याने घरी बसून पारायणे केली. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर होते तो रस्त्यावर आला. जालन्याहून आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे पायी निघालेले मजूर थकून रुळांवर निजले आणि ८ मे २०२० रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, मालगाडीखाली १६ जण ठार झाले. त्यांचा फड पूर्ण कोरडा राहिला आणि इतरांचे तिन्ही फड हिरवे होते. ज्या समाजाने सर्वांच्या रक्षणासाठी सर्वांस थांबविले, त्याने थांबल्यामुळे उपाशी पडणाऱ्याचा घास आपल्या ताटातून काढावयास हवा होता. अनेकांनी तो काढला. गावोगावी शिधा वाटला गेला, अन्नछत्रे चालली. परंतु जे रुळांवर निजले त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही, हेही विसरता येत नाही.

समाजाच्या अधिकाराची मर्यादा

एकट्याने मर्यादा पाळावी हे म्हणणे तेव्हाच शोभते, जेव्हा समाजही आपली मर्यादा पाळतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला असता लोकरक्षणाच्याच नावाने गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरे व स्वयंपाकघरे तुडविली गेली, माणसांना ओढून छावण्यांत नेले गेले. रोग रोखण्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्यात दया नव्हती, माणसाची लाज राखण्याची बुद्धी नव्हती. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडच्या वधात झाली. दयेविना लोकरक्षण केल्यास शेवटी रक्षकही उरत नाही आणि विश्वासही उरत नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले यांनी दुसरा मार्ग दाखविला. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर रुग्णालय उघडले. रोगी गावाबाहेर ठेवावयाचे हे तेथेही होतेच. पण ठेवणारे त्यांच्यासोबत राहत होते. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या, त्यातच त्यांना बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या या पंथाच्या अनुयायी नव्हत्या. तरीही देहाविषयीची खरी उदासीनता कशी असते हे पाहावयाचे असेल तर तेथे पाहावे. त्यांनी आपला देह धोक्यात घातला, तो दुसऱ्याचा वाचावा म्हणून. प्रथम शंकेतील पूर्वपक्ष करणारा दुसऱ्याचा देह धोक्यात घालतो, आपला आग्रह वाचावा म्हणून. दोघेही ‘मला मरणाचे भय नाही’ हेच शब्द बोलतील. अर्थ मात्र उत्तर-दक्षिण.

उपसंहार

एवंच, निःसंगता आणि लोकरक्षण यांत विरोध नाही. त्यांचे क्षेत्र वेगळे आहे. जे केवळ आपल्यास लागते ते सोडण्याचा जीवास पूर्ण अधिकार आहे : अन्न, निवारा, मान, प्राणसुद्धा. जे दुसऱ्यास लागते ते उधळण्याचा अधिकार कोणासही नाही. पंथाच्या आचारात अहिंसा आधी आणि निःसंगता मागाहून येते, या क्रमातच याचे उत्तर आहे. ज्याच्यामुळे कोणास पीडा होत नाही त्यालाच एकटे होता येते. पीडा देत फिरणारा हजार कोस दूर गेला तरी त्याने पीडलेल्या जीवांशी बांधलेलाच राहतो.

महामारी पुन्हा केव्हा येईल हे जीवास ज्ञात नाही. ती येईल तेव्हा साधकाने भिक्षापात्र खाली ठेवावे, पण स्मरण सोडू नये. वासनिकाने दार लावून घ्यावे, पण शेजाऱ्याच्या चुलीकडे लक्ष ठेवावे. समाजाने रोग्यास दूर ठेवावे, पण त्यास आपला म्हणणे सोडू नये. आणि संकट सरताच प्रत्येकाने आपल्या थांबलेल्या विधीकडे परतावे; पात्र पुन्हा उचलावे आणि अनोळखी गावाची वाट धरावी.

दंडवत प्रणाम.